बंद माईकचा संबळ

नाशिकला लोक देवदर्शनाला जातात, द्राक्षं खायला जातात, हल्ली तर नुसती थंडी अनुभवायलाही जातात. मी गेले ते एका प्रश्नाचं उत्तर आणायला, आणि खरं सांगायचं तर ते मिळू नये असं निम्म्या मनाला वाटत होतं.

आमच्या कोल्हापुरात गाणी ऐकणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी पंधरा-वीस जण जमतात, कुणीतरी एका विषयावर बोलतं, मग चहा. यंदा पाळी माझी आली आणि विषय मीच सुचवला: नावाजलेले रॉक बँड का फुटतात. माझं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात मी वहीभर टिपणं काढली. सख्ख्या भावांचं पटेनासं होतं. गाणी लिहिणारे दोघं एका खोलीत बसेनासे होतात. गाणाऱ्याला वाटतं लोक आपल्यासाठीच येतात, आणि बाकीच्यांना वाटतं आपण नसतो तर हा आंघोळीतच गात बसला असता. कारणं भरपूर सापडली. एका ठिकाणी मात्र पेन अडलं. रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमरला न सांगता त्याच्या जागी दुसऱ्याचं वाजवणं वापरायचं, हे मोठमोठ्या बँडांतही होत आलंय म्हणे. ते लिहिलं आणि मी वही मिटली.

मंडळाचे चिटणीस काका तेव्हाच दुकानात आले. म्हणाले, "वैशालीताई, तुमचा बी बँड हुता की. लोडशेडिंग! त्यो का फुटला वो?"

मी बावीस वर्षं देत आलेलं उत्तर दिलं. "ड्रमर ऐनवेळी आलाच नाही."

आता खरं काय ते सांगते. कॉलेजात आम्ही चौघं होतो. मी गायचे. प्रसाद गिटार वाजवायचा, आणखी एक मित्र कीबोर्ड, आणि अविनाश ड्रम. दिवे जायचे म्हणून सरावाला खाडे पडायचे, त्यावरून ते नाव. पुण्यातल्या स्पर्धेला पाठवायची म्हणून आम्ही एक कॅसेट केली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ड्रम पुढे पळतात. मी म्हणाले, "कीबोर्डातला ताल टाका. त्याला नाही कळणार." हे शब्द माझेच होते, दुसऱ्या कुणाचे नाहीत. कॅसेट निवडली गेली. पुण्याला निघायच्या दिवशी अविनाश गाडीत नव्हता. आम्ही त्याच्याशिवाय वाजवलं, वाईट वाजवलं, आणि परतल्यावर चौघं पुन्हा कधी एकत्र जमलो नाही.

त्याला कळलं होतं का, हाच माझा प्रश्न; आणि तो आता नाशिकला असतो. आणखीही एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. तिच्या जागी ती येईलच.

सातपूर, बुधवार

कोल्हापूर ते नाशिक माझी मान अवघडली, यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही. स्टँडवर अविनाश हेल्मेट काखेत धरून उभा होता. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण पायाने जमिनीवर ठेका धरायची खोड तशीच आहे. बावीस वर्षांत आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोललो नव्हतो; मंडळात बँड फुटण्यावर बोलायचंय म्हणून येते, एवढंच मी कळवलं होतं. त्याने माझी बॅग घेतली आणि म्हणाला, "स्वेटर नाही आणलास? मग मर आता थंडीनं."

पहिल्यांदा त्याने मिसळ खायला नेलं. मी कोल्हापूरची, त्यामुळे परीक्षकाच्या तोऱ्यात बसले. समोर आलं ते पापड, दही, जिलेबी असा लवाजमा घेऊन. मिसळीबरोबर जिलेबी! मी म्हणाले, "हे बारशाचं ताट आहे का?" वाढणारा अजिबात हलला नाही. "मावशी, आधी खा, मग बोला," म्हणाला. मी खाल्ली, रस्सा दोनदा मागून घेतला. आमच्याइतकी झणझणीत नव्हती, पण मटकीला चव होती आणि जिलेबी शेवटी फार बरी लागते. हे कोल्हापुरात कुणाला सांगू नये ही वाचकांना विनंती.

सातपूरला औद्योगिक वसाहतीत अविनाशचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, तीन कामगार. कारखान्यांना लागणारे सुटे भाग तो करतोच, पण एका भिंतीवर ढोल-ताशांच्या लोखंडी कड्या ओळीने टांगलेल्या होत्या. जिल्ह्यातले वाजवणारे त्याच्याकडून कड्या करून नेतात. तो मला चहा देत होता, पाठ मशीनकडे होती, आणि एकदम ओरडला, "शिंदे, दोन नंबर थांबवा! बेअरिंग बोलतंय." शिंदेंनी मशीन उघडलं तर बेअरिंग खरंच गेलेलं.

मी कप खाली ठेवला. गोंगाटात पाठमोरं उभं राहून ज्याला बेअरिंग ऐकू येतं, त्याला आपला स्वतःचा हात ओळखू आला नसेल?

तो मात्र जुन्या दिवसांबद्दल चकार शब्द काढेना. म्हणाला, "उद्या सायखेड्याला चल. मी तिथल्या एका बँजो पार्टीत ताशा वाजवतो, सुट्टी मिळेल तसा. पार्टी फुटायला आलीय. तुझा विषयच आहे ना हा? तर खरीखुरी फुटताना बघ."

सायखेडा, गुरुवार

सकाळी मोटरसायकलवरून जाताना अविनाशच्या बायकोचा, शोभाचा स्वेटर अंगात होता तरी दात वाजत होते. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. सायखेड्याच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्यामागे आम्ही अर्धा तास कांद्याचा वास घेत उभे. पुलावरून गोदावरी दिसली, संथ आणि रुंद. आमची पंचगंगा हिच्यापुढे लहान बहीण वाटते.

बँजो पार्टी म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका पिकअप गाडीवर स्पीकर, जनरेटर आणि आवाज कमीजास्त करायचा मिक्सर. बँजो, कीबोर्ड आणि पॅड वाजवणारे गाडीवर बसतात, ढोल, ताशा आणि संबळ पुढे चालत असतात, आणि त्यांच्या पुढे लोक नाचतात. पॅड म्हणजे रबराची पाटी. तिच्यावर काठी मारली की पाहिजे त्या वाद्याचा आवाज निघतो. या पार्टीचा प्रमुख कैलास हा पॅड वाजवतो, मिक्सरही तोच सांभाळतो. आणि संबळ वाजवतात त्याचे चुलते, नामदेव नाना. पार्टी त्यांनीच उभी केली, तेव्हा गाडी नव्हती, पायी जायचे.

सराव कांदा साठवायच्या रिकाम्या चाळीत, म्हणजे लांबट शेडमध्ये होता. नाना अजून यायचे होते. कैलास मला मिक्सरपाशी घेऊन गेला आणि आवाज खाली करून बोलला, "ताई, नानांचा हात आता लय मागं पडतो. दोन लग्नांत लोकांनी तोंडावर सांगितलं. मग मी काय केलं, त्यांच्या संबळाचा माईक बंद ठेवतो. संबळाचा आवाज पॅडवरून काढतो. त्यांना ठाऊक नाय."

मी अविनाशकडे बघितलं. तो चाळीच्या कुडाला टेकून ताशाची दोरी आवळत होता, मान खाली.

"मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाय," कैलास म्हणाला. "सांगायची हिंमत बी होत नाय. त्यापेक्षा येगळा होतो, माझी दुसरी पार्टी काढतो. उद्या वणीला शेवटचा कार्यक्रम."

बावीस वर्षांनी, साडेचारशे किलोमीटर लांब, कांद्याच्या चाळीत माझीच गोष्ट मला कुणीतरी सांगत होतं. मी अविनाशला बाजूला घेतलं. "तू का सांगत नाहीस नानांना?"

"या विषयावर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही," तो म्हणाला. "तू सांग. तू पाहुणी आहेस."

एवढं बोलून तो पुन्हा ताशाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का हे मी शोधत राहिले. दिवसभर माणसांचे डोळे तपासणारी मी, मला काहीही दिसलं नाही.

दुपारी नानांच्या घरी जेवलो. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, कांदा. शेंगोळे आमच्याकडे करत नाहीत. पिठाची वेटोळी लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेली असतात, आणि थंडीत तो रस्सा भुरकताना नाक आपोआप मोकळं होतं. नाना स्वतः आग्रह करत होते. सत्तरीच्या आतले, काटक, कानात बिगबाळी. "ताई, कोल्हापूरचे म्हंजे तिखटाचे धनी तुम्ही. घ्या आजून," म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, आणि शेंगोळं वाढून घेतलं. असं तीनदा झालं. पोट फुटायची वेळ आली तरी माझं धाडस काही झालं नाही.

वणी, शुक्रवार

दिंडोरीवरून वणीला जाताना समोर सप्तशृंगीचा डोंगर दिसायला लागतो. वाटेत पार्टीच्या पिकअप गाडीत मी चुकून बँजोच्या पिशवीवर बसले, तर बँजोवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या लेकराला चिरडलं. तार एकच तुटली होती. मी दहा वेळा माफी मागितली. तारेची माफी मागणं किती सोपं असतं, हे तेव्हा जाणवलं.

वणीत एका घरी नातवाचं जावळ होतं. घरापासून देवीच्या देवळापर्यंत वाजतगाजत जायचं. माणसं जमायला वेळ होता. नानांनी ओट्यावर संबळ उन्हाला लावून ठेवला होता, म्हणजे चामडं ताणतं आणि आवाज चढतो. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि डोळे मिटून विहिरीत उडी मारावी तसं बोलून टाकलं.

"नाना, एक सांगायचंय. तुम्हाला राग येईल."

"राग येण्यासारखं आसंल तर यील."

"तुमचा माईक बंद असतो. कैलास संबळ पॅडवरून वाजवतो."

नानांनी संबळ फिरवून दुसरं तोंड उन्हाला लावलं. "मागच्या द्राक्षांच्या सीझनपासून," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पिंपळगावला वरात व्हती. ऊन लय. मी काठ्या काखंत धरल्या अन् दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पाहतो तं संबळ आपला वाजतोच हाय! पयले वाटलं, देवी पावली मला." ते मनापासून हसले. मलाही हसू आवरेना.

"मग बोलला का नाहीत?"

"कैलास सांगंल म्हणून थांबलो. आपल्या पोराला चोर म्हणायच्या आधी त्याला बोलायला येळ द्यावा लागतो ना."

"आणि तरी वाजवत राहिलात?"

"माईक मागच्यांसाठी असतो, ताई. पुढं ज्या बाया नाचतात, त्यांना माझा संबळ तसाच ऐकू जातो." त्यांनी चामड्यावर बोट टेकवून ताण बघितला. "पण वाईट वाटतं. लय वाईट वाटतं. वरीस झालं, रोज वाटतं, आज बोलंल."

मी उठले आणि गाडीपाशी गेले. कैलासला म्हणाले, "त्यांना माहीत आहे. वर्षभरापासून. तुझ्या बोलण्याची वाट बघतायत. जा."

कैलासचा चेहरा उतरला. तो ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "नाना, चुकलं. तुमचा हात मागं पडतो, तोंडावर सांगायला पायजे व्हतं."

"पडतो," नाना म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात हाय. मंग तुम्ही या ना मागं. देवीला काय गाडी पकडायची हाय?"

त्या दिवशी माईक सुरू ठेवून पार्टी वाजली. नाना खरंच मागे पडत होते. बँजोवाला दोनदा पुढे निघून गेला आणि दोनदा लाजून परत आला. मग सगळेच हळू झाले. आणि गंमत अशी की एरवी बाजूने चालणाऱ्या थोराड बायका नाचायला उतरल्या. बाळाची आजी मला म्हणाली, "आज बरं वाजवू राहिले. गुडघ्याला झेपतं." पार्टी फुटली की टिकली, हे मी विचारलं नाही. देवळापाशी कैलास नानांच्या कपाळावरचा घाम उपरण्याने पुसत होता, नानांचे हात संबळावर होते, एवढं पाहिलं.

आत जावळ काढायला सुरुवात झाली. अविनाश आणि मी टपरीवर चहा घेत होतो. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"अव्या, कॅसेटवर तुझे ड्रम नव्हते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून. तिसऱ्या कडव्याला माझा हात पुढे पळतो. त्यात पळाला नाही." तो ग्लास फिरवत राहिला. "कुणी केलं हेही प्रसादनं सांगितलं. म्हटलं, वैशी बोलेल आज-उद्या. पुण्याला जायच्या दिवसापर्यंत थांबलो. स्टँडवर आलो होतो मी."

मी त्याच्याकडे बघितलं.

"समोर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो. पिशवीत काठ्या होत्या. ठरवलं होतं, तू खाली उतरून एक शब्द बोललीस की चढायचं गाडीत. पण गर्दी होती. तुला दिसलो नसेन."

हीच ती गोष्ट. बावीस वर्षं या माणसाने माझ्या वतीने एक सबब जपून ठेवली होती आणि आता ती माझ्या हातात देत होता. नुसतं "हो ना, काय गर्दी होती" म्हटलं असतं तर आमची मैत्री त्या चहाबरोबर पुन्हा सुरू झाली असती. मला ते फार हवं होतं. पण वर्षभर रोज वाट बघणारे नाना डोळ्यांसमोर होते.

"दिसला होतास," मी म्हणाले.

त्याने ग्लास खाली ठेवला. "दिसलो होतो?"

"आपली नजरानजर झाली असं मला वाटलं होतं. मी घाबरले. मान वळवून प्रसादशी बोलायला लागले, आणि गाडी हलेपर्यंत तिकडे बघितलं नाही."

"शर्ट कुठला होता माझा?"

"पिवळा. चौकड्यांचा."

त्याने रस्त्याकडे बघितलं. "हां," म्हणाला. "पिवळाच." मग उठून गाडीपाशी गेला आणि ताशा बांधायला लागला.

नाशिकला परतेपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. स्टँडवर बॅग उतरवून दिली, "नीट जा" म्हणाला आणि निघाला. मी गाडीत बसले. रडू येत होतं, पण माझ्या रडण्याचा त्याला काय उपयोग? बॅग वरच्या फळीवर टाकली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे अविनाश उभा होता. हेल्मेट काखेत. गेला नव्हता. सरळ माझ्या खिडकीकडे बघत होता.

गाडी सुरू झाली. मी उठले, दोघांचे पाय तुडवले, आणि दारातून खाली उतरले. कंडक्टर मागून ओरडत होता, "ओ बाई, गाडी सुटली! बाई!" रिक्षा चुकवत रस्ता ओलांडला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"माझं चुकलं, अव्या. तेव्हाच उतरायला हवं होतं."

त्याने मान हलवली. डोळे पुसले, हेल्मेट डोक्यावर घातलं, पुन्हा काढलं.

"पुढची गाडी दोन तासांनी आहे," म्हणाला. "चल, मिसळ खाऊ. पण कोल्हापूरचं नाव काढायचं नाही."

बॅग मात्र त्याच गाडीने एकटी गेली. तीन दिवसांनी डेपोतून सोडवून आणली, टिपणांची वही आत तशीच होती. रविवारी मंडळात चिटणीस काकांनी परत विचारलं, "मग, तुमचा बँड का फुटला वो?" मी वही बंदच ठेवली आणि म्हणाले, "ड्रमर आला होता. मी गाडीतून उतरले नाही."